उजवा कान

चाळीस घोड्यांचं इंजिन प्रणितला विकलं
फायबरच्या होडीसकट, वर दोन रिकामे कॅन फुकट.
तो पैसे मोजत होता तेव्हा माझा हात
अजून स्टार्टरची दोरी ओढत होता, हवेतच.

दिवाळ्याच्या जेटीवर सगळे म्हणाले, याला चढलीय.
तेल महागलं म्हणून कोणी शिडाकडे वळतं का?
मी म्हटलं, हो, तेलच.
वाशीच्या डॉक्टरने डाव्या कानात दिवा घालून
बराच वेळ काही न बोलता बघितलं होतं,
ते कशाला सांगायचं.

मचवा मिळाला करंजाला, शेडच्या मागे,
उपडा, पोटाखाली कोंबड्यांचा संसार.
धाकू सुताराने फळी फळी टोच्याने टोचली,
टोच्या रुतला तिथे खडूची फुली.
सात फुल्या. बाकी सागवान, म्हणाला,
तुझ्या-माझ्यापेक्षा बरं.
फटींत कापूस, कापसावर राळ,
दोन महिने माझ्या जेवणालाही तोच वास.
पाण्यात सोडला त्या दिवशी अर्धा भरला.
मी डबा शोधायला धावलो.
धाकूने बिडी पेटवली. पिऊ दे त्याला, म्हणाला,
किती वर्षांचा तहानलेला आहे.
तिसऱ्या दिवशी लाकूड फुगून फटी मिटल्या.

शीड बांधताना हात आठवत होते, नावं नाही.
परबाण. दामण. बाप हे शब्द ओरडायचा
आणि मी मनात म्हणायचो, एकदा इंजिन येऊ दे.

इंजिन आलं. गुलाब आणि मी बावीस वर्षं
पाच खुणांत संसार केला:
मूठ म्हणजे ओढ, पंजा म्हणजे थांब,
दोन बोटं ओठांवर म्हणजे पाणी,
डोक्यावर हात म्हणजे जाळं फाटलं,
आणि एक खूण होती तिची,
मनगट झटकून, तिचा अर्थ मी कधी विचारला नाही.

पहिल्या दिवशी खारा वारा शिडात भरला
आणि बेलापूरचा किल्ला मुकाट्याने मागे सरकला.
दोरी करकरली. चिखलात निवट्या थपथपल्या.
चार वर्षं लोकांना फ्लेमिंगो दाखवून पोट भरलं,
ती पाखरं एवढी बडबडतात, मला काय ठाऊक.
मग आणखी एक आवाज. नाळेकडून.
गुलाब बोलत होती.
माझ्याशी नाही. जाळ्याशी, पाण्याशी,
करंजाला दिलेल्या बहिणीशी, कोलंबीच्या भावाशी.
मधे माझंही नाव आलं, शिवीसकट.
मी विचारलं, हे कवापासून?
ती म्हणाली, पयल्यापासून. तू इंजिनापाशी असायचास.

संध्याकाळी वाशीच्या पुलाखाली वारा पडला.
शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबलं.
वर ट्रक चाललेत, खाली भरती लागलेली
आणि आम्ही उलटे, हळूहळू, ऐरोलीच्या दिशेने.
वल्ही मारली. खांब तिथेच.
तेवढ्यात दुरून खोकला ऐकू आला,
तिसऱ्या खेचीला सुरू होणाऱ्या माझ्याच इंजिनाचा.
प्रणितने फेरी मारली, हसू दाबून दोर दाखवला.
मी म्हटलं, नको, येईल वारा.
वाऱ्याला काय टाइमटेबल हाय? गुलाब म्हणाली,
आणि दोर झेलून तिनेच नाळेला बांधला.

मग परत तोच धडधडाट, तोच धूर.
मचवा दाव्याच्या वासरासारखा मागे मागे.
पाम बीचचे दिवे लागले. अंधारात
तिचे ओठ हलताना दिसत होते.
माझा पंजा आपोआप वर गेला: थांब.
तिने मनगट झटकलं.

मी सुकाणू दोरीने बांधून टाकलं,
फळ्यांना धरत धरत पुढे गेलो, मचवा कलला,
सातव्या फुलीपाशी थोडं पाणी आत आलं.
तिच्या डाव्या हाताला जाऊन बसलो,
उजवा कान तिच्याकडे.
ती थांबली नव्हती. मधूनच कुठून तरी
मला ऐकू यायला लागलं:
...आणि मीठ संपलंय, ते येगळंच.